निकाल न बघणारे हनीफचाचा

कुंभिवलीच्या हनीफचाचांनी आजवर बास्केटबॉलचे हजारेक सामने पाहिले असतील. त्यांतला एकही सामना कोण जिंकलं, हे त्यांना माहीत नाही.

मी वाढवून सांगत नाही. हायवेला लागून त्यांचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. शिलाई मशीनच्या वर एका हुकाला मोबाइल टांगलेला असतो आणि त्यावर अमेरिकेतला कुठला तरी जुना सामना चालू असतो. चाचांचा एक हात ताडपत्रीवर, दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाइलजवळ. खेळाडूच्या हातून चेंडू सुटला, की अंगठा पडलाच. व्हिडिओ थांबतो. चेंडू हवेत, समोरचा हात पुढे करून उभा, मागे हजारो माणसं तोंड उघडून बसलेली. चाचा ते चित्र डोळे भरून बघतात, "वा रं माझ्या राजा!" म्हणतात आणि व्हिडिओ पुढे ढकलतात. थेट पुढच्या पासपर्यंत.

"चाचा, बास्केट झाली का पण?"

"मला काय म्हाईत?"

"मग बघा ना!"

"चेंडू सुटला, विषय सुटला. पुढचं त्याचं काम हाय."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बास्केटबॉलच्या संघात एक पॉइंट गार्ड असतो. चेंडू पुढे आणायचा, खेळ चालवायचा, हे त्याचं काम. काही पॉइंट गार्ड संधी मिळाली की स्वतःच बास्केट मारतात. काही आधी बाकीच्या चौघांकडे बघतात आणि मारायला दुसऱ्याला लावतात. चाचांच्या लेखी पहिल्या जातीचे खेळाडू खेळाडूच नव्हेत. दुसऱ्या जातीतला जगाच्या इतिहासातला सर्वांत थोर कोण, हा दुकानातला कायमचा वाद. रोज साडेचारला तो ताडपत्रीच्या गठ्ठ्यांवर बसून सुरू होतो आणि आजतागायत मिटलेला नाही.

या थोर पुरुषांची नावं चाचा घेत नाहीत. "आपल्या तोंडून नीट येत नायत. उगाच त्यांचा अपमान कशाला?" म्हणून त्यांनी त्यांचं नव्याने बारसं केलं आहे. एक 'शिंपी', सुईतून दोरा जावा तसा चौघांच्या मधून चेंडू काढणारा. एक 'पोस्टमन', कोण कुठल्या दारात उभा आहे हे न बघताच ज्याला ठाऊक. आणि एक 'मुका', जो सामनाभर तोंड उघडत नाही, नुसत्या भुवईने संघ चालवतो. चाचांचं मत मुक्याला. एकदा पुण्याकडचा एक ट्रकवाला दोर घ्यायला थांबला, तासभर अडकला, पोस्टमनच्या बाजूने तावातावाने भांडला आणि दोर न घेताच निघून गेला. चाचा खूश. "गिऱ्हाईक गेलं, पन मानूस जानकार होता."

चांगला पास कोणता, याची त्यांची कसोटी एकच. "घेनाऱ्याला वाटलं पायजे, चेंडू पयल्यापासून आपलाच होता. दिलाय असं वाटलं, की पास खराब."

इथेच माझं आणि त्यांचं वाजायचं. मी स्पष्ट बोलते. ज्याने घडवलं त्याचं नाव पुसायचं आणि त्या पुसण्यालाच मोठेपणा म्हणायचं, हा धंदा या देशात सगळीकडे चालू आहे. कंपन्यांत तेच, घराघरांतल्या स्वयंपाकघरांत तेच. मी गठ्ठ्यावरून उठून ओरडायचे, "चाचा, तुमचा मुका म्हणजे फुकट राबणारी सून आहे! युनियन बांध म्हणावं त्याला!"

"बस गं पत्रकवाली. चहा निवतोय."

पत्रकवाली हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. मी पत्रकं लिहिते. पाणी सोडत नाहीत म्हणून लिहिते, कारखान्याचा धूर नाकात जातो म्हणून लिहिते. आणि या वर्षी लिहिलं ते मैदानासाठी.

गावाच्या वरच्या अंगाला सिमेंटचं एक बास्केटबॉल मैदान आहे. आमचे बाबा तरुण असताना चाचांनी आणि त्यांच्या संघाने स्वतः घमेली वाहून ते घातलं. दरवर्षी त्याच्या रेघा चाचा रंगवतात. दुकानातली नायलॉनची दोरी विणून जाळ्याही तेच करतात. आम्ही पंधरा-सोळा मुली तिथे खेळतो. माझ्या मैत्रिणींपैकी कितीजणींना घरातून "जा, खेळ" म्हटलं जातं विचारा. एकीलाही नाही. तरी त्या येतात. दिवसातला तेवढा एक तास त्यांना कुणी काही आणायला सांगत नाही.

आणि या मैदानावर कंटेनर उभे करायचे, असं शेजारच्या गोडाऊनवाल्याने ठरवलं. जागा मिळवण्याची बोलणी चालू आहेत, एवढी बातमी फुटली. कुणाशी बोलणी, ते कळेना. बाबा म्हणाले, "ती जागा हनीफच्या अब्बांनी गावाला कधीच देऊन टाकली. अख्ख्या गावाला म्हाईत हाय."

झालं. त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. 'जागा गावाची आहे. कागदावर आज जो कोणी मालक म्हणून बसला असेल तो चोर आहे. मुलींचं मैदान विकणाऱ्या या लोभी, भेकड, बिनचेहऱ्याच्या माणसाचा आम्ही जाहीर निषेध करतो!'

कच्चा मसुदा चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"'चोर' बारीक झालाय. मोठ्या अक्षरात घे."

मी घेतला. पुढचे आठ दिवस दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दोराच्या बंडलात माझं पत्रक होतं. खोपोलीपर्यंतचे ट्रकवाले कुंभिवलीच्या चोराला शिव्या देऊ लागले.

मधल्या काळात एकदा मी बाबांना विचारलं, चाचा व्हिडिओ तसा का थांबवतात? बाबा बराच वेळ भातशेतीच्या गोष्टी करत राहिले. मग म्हणाले, "कर्जतला फायनल होती आमची. शेवटची दहा सेकंद. हनीफ रिंगच्या खाली एकटा. समोर कुनी नाय. तरी त्यानं चेंडू मुश्ताकला दिला."

मुश्ताक म्हणजे चाचांचे धाकटे भाऊ. चाचांनी द्यायचा, मुश्ताकने मारायचा, असं आमच्या गावाचं सूत्र होतं म्हणे.

"मग?"

"मग काय, चुकला. हनीफनं बघितलंच नाय. चेंडू सोडला आनि मान फिरवली, मी शेजारीच होतो ना. आमी हरलो. लोकांनी मुश्ताकचं जगनं नकोसं केलं. बाजारात गेला की पोरं मागनं 'चुकला रं चुकला' ओरडायची. वर्षाच्या आत तो गल्फला गेला. सोताच्या लग्नाला आला तेवढाच."

मला संताप आला. एका चुकलेल्या चेंडूसाठी माणूस हद्दपार करणाऱ्या गावाचा निषेध कोणत्या पत्रकात करायचा?

मग ग्रामसभेची तारीख लागली. पुरावा हवा म्हणून मी तलाठ्याकडून सातबारा काढला. तिथल्या बाकावर बसूनच वाचला आणि पुन्हा वाचला. अब्बांनी जागा दिली होती ती तोंडाने. कागदावर नावं दोन. हनीफ आणि मुश्ताक.

मी तिथून तडक दुकानात गेले. चाचा ताडपत्रीला शिलाई घालत होते.

"चाचा, चोर तुम्ही आहात!"

"अर्धा," चाचा म्हणाले. मशीन थांबलं नाही. "अर्धा मुश्ताक हाय."

"लोभी, भेकड, बिनचेहऱ्याचा असं लिहिलं मी! तुम्ही ते वाटलंत!"

"चांगलं लिवलं होतंस. ट्रकवाल्यांना लय आवडलं."

"सांगायला काय झालं होतं, जागा तुमची आहे म्हणून?"

आता मशीन थांबलं. "सांगितलं असतं, तर पोरी माझी परवानगी मागत बसल्या असत्या. परवानगी मागून कुनी खेळतं काय गं?"

मी सातबारा मशीनवर ठेवला.

मग त्यांनी मशीनच्या खणातून एक कागद काढला. गोडाऊनवाल्याला जागा विकायचा करार. मुश्ताकची सही झालेली. दुसरी जागा कोरी. कागद तीन आठवडे खणात होता. चाचांनी सही केली नव्हती आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

"त्यानं पयल्यांदा कायतरी मागितलंय माझ्याकडं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत. तिकडं घर करायचं हाय त्याला. कसं नाय म्हनू?"

"आणि आम्ही?"

"तेच तर."

मी तुटून पडले. देत राहिलं की माणूस चांगला ठरतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं? तुमचा शिंपी, तुमचा पोस्टमन, तुमचा मुका, कोणी एकदा तरी चेंडू हातात ठेवला का? "चाचा, सगळ्यात थोर पास देणारा तो, ज्याला केव्हा द्यायचा नाही ते कळतं!"

चाचांनी चष्मा काढून ठेवला.

"हे तू आता सांगतेस," ते म्हणाले. "मला त्या दिवशी सांगायला पायजे होतं कुनीतरी."

शुक्रवार होता. तिकडे, गल्फमध्ये, सुट्टी. चाचांनी हुकाला टांगलेल्या मोबाइलवरूनच फोन लावला. आवाज अख्ख्या दुकानात.

"मुश्ताक, मी त्या कागदावर सही करनार नाय."

"भाई? काय झालं? कोन हाय तिथं? कुनी शिकवलं तुमाला?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे माझं नाव पुढे करणार. मी तयारही होते.

"कुनी नाय. मीच बोलतोय."

"त्या जागेनं मला काय दिलं, भाई? शिव्या दिल्या. तुमी होता ना तिथं?"

"होतो. माझ्यासमोर कुनी नव्हतं त्या दिवशी. मीच मारायला पायजे होतं. घाबरलो, मुश्ताक. चुकलं तर लोक काय बोलतील म्हनून घाबरलो आनि तुला दिला. लोक मला बोलायचं ते तुला बोलले. हे मी तुला कधी सांगितलं नाय."

हायवेवरून दोन कंटेनर गेले, दुकानाचा पत्रा थरथरला.

"दुकान घे," चाचा म्हणाले. "हायवेची जागा हाय, लिवून देतो. मैदान नाय द्यायचो. पोरी खेळतात तिथं."

"दुकान नको मला. तुमी कुठं जानार?"

मग तिकडून पुन्हा मुश्ताकच, अगदी वेगळ्या आवाजात:

"भाई, आपल्या मैदानातली ती रिंग... अजून डावीकडं झुकलेली हाय काय? मी लोंबकळून वाकवलेली?"

"हाय."

"अजून? मग सरळ करून घ्या ना. पोरी खेळतात म्हनता."

आम्ही पोरी चार वर्षं त्या रिंगला शिव्या देतोय. मी स्वतः दोनदा लेखी अर्ज दिलाय चाचांना. दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले होते.

"नाय केली," चाचा म्हणाले.

"का?"

"तुझा हात तिच्यावर बसलेला. तू परत आलास आनि नेम चुकला तर..."

ताडपत्रीच्या कडेनेच चाचांनी चेहरा पुसला. तिकडून कोणी नाक ओढल्याचा आवाज आला. मी आवाज न करता गठ्ठ्यावरून उठले आणि बाहेर आले.

आत दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नव्हता.