चाबीचा प्रोग्राम

"विदर्भात नजर म्हणावी अशी दोघांचीच," डिटेक्टिव्ह किसनराव म्हणाले. "एक घारीची अन् दुसरी माही. त्यातून घारी आता कमी झाल्या."

हे वाक्य ते रोज सकाळी आरशाला ऐकवत. आज आरशाच्या आड दीपक आला म्हणून त्याला ऐकवलं. दीपक त्यांच्या बायकोचा भाऊ. उंद्रीच्या स्टँडावर त्याचं मोबाईल रिचार्जचं दुकान होतं आणि त्या दुकानावर किसनरावांची पाटी होती : 'गुप्त तपास केंद्र'. पाटी दुकानापेक्षा मोठी होती. काम गुप्त असलं की पाटी मोठी लागते, नाहीतर लोकांना कळत नाही, असं किसनरावांचं मत होतं. बहीण दिली म्हणजे हे सगळं आलंच, अशी दीपकनं मनाची समजूत घातली होती.

किसनरावांचा लौकिक साखरखेर्ड्याच्या कोंबडी प्रकरणापासूनचा. कोंबडी फिर्याद करणाऱ्यानंच खाल्ली, हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. फिर्यादीनं ते त्यांच्या आधी सांगितलं होतं, पण त्याला घारीची नजर नव्हती.

तेवढ्यात प्रसेनजित सर धापा टाकत आले. हायस्कूलला गणित शिकवणारा शांत माणूस, पण आज शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"किसनभाऊ, माह्या गाडीच्या दोन्ही चाब्या गेल्या!"

"बसा. सुरुवातीपासून सांगा."

सुरुवात अशी होती. सरांची गाडी बटण दाबून सुरू होणारी. चाबी म्हणजे एक रिमोटच, ती नुसती जवळ असली की पुरे. तिच्या दोन चाब्यांपैकी एक उन्हाळ्यात विहिरीत पडली. सरांनी नवी कोरी चाबी मागवली, पण कोऱ्या चाबीला गाडी ओळखत नाही, तिचा प्रोग्राम करावा लागतो. त्यासाठी चिखलीचा रामराव चाबीवाला लॅपटॉप घेऊन आज सकाळी येणार होता. दोन्ही चाब्या रात्री खुंटीला होत्या. सकाळी नुसती खुंटी होती.

"अन् अकरा वाजता बुलढाण्याले महामायाची ड्रायव्हिंगची टेस्ट हाय," सर रडकुंडीला येऊन म्हणाले. "ती म्हणते, चाब्या मीच लपवल्या."

"लपवल्या काय?"

"नाही हो!"

"मग वहिनी असं काऊन म्हणते?"

"परवा मी सहज म्हटलं होतं, एवढी काय घाई, पुढच्या महिन्यात दे टेस्ट."

किसनरावांनी आणि दीपकनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांचीही लग्नं झालेली होती.

सरांच्या घरापुढं गाडी पुढच्या खोलीच्या खिडकीला अगदी खेटून उभी होती. ओट्यावर महामाया बसली होती. नवी साडी, मांडीवर कागदांची फाइल, आणि नवऱ्याकडे पाठ.

"महिनाभर शिकली मी, भाऊ," ती दीपकला म्हणाली. "रोज पहाटे, अमडापूरच्या रोडवर. गाडी बंद पडली की पोट्टे टाळ्या वाजवत. तरी शिकली. आज नाही गेली तं घरात सारेच म्हणतील, राहू दे आता. मीच म्हणंन एखाद्या दिवशी." तिनं फाइल छातीशी धरली. "म्हणून जायचं हाय मले आजच."

दीपकला वाटलं, देवा, आज तरी भाऊजींना अक्कल दे.

सरांची आई तानाबाई पांढरं लुगडं नेसून दारात आली. हाताला खोबऱ्याचा कीस लागला होता.

"या बाप्पा, येळेवर आले. बसा. काय शोधून राह्यले सारे सकायपासून?"

सर तोंड उघडणार तोच किसनरावांनी त्यांचा दंड दाबला. "तपासाची गोष्ट गुप्त असते." मग ते तानाबाईंकडे वळले. "मावशी, फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या. रिमोट पाह्यला काय?"

"पाह्यला ना. टीव्हीपाशी हाय."

"साक्षीदार निरुपयोगी," किसनराव दीपकच्या कानात म्हणाले. तानाबाई खिरीकडं बघायला आत गेली.

पहिला सिद्धांत असा निघाला की मोठ्या शहरातली टोळी आली असावी. "असल्या चाबीचा सिग्नल हवेतून पकडता येते. पेपरात वाचलं मी."

"पण भाऊजी," दीपक म्हणाला, "सिग्नल पकडला असता तं गाडी गेली असती. इथं गाडी हाय अन् चाब्या गेल्या."

"तेच तं. पक्के चोर हायेत. संशय येऊ नाही म्हणून गाडी सोडून गेले."

दुसरा सिद्धांत गाडीच्या मागं उभा होता आणि काहीतरी चघळत होता. ती तानाबाईंची बकरी. किसनरावांनी तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. बकरीनंही पाहिलं. नजर पहिल्यांदा किसनरावांनी वळवली.

"सर, चाबी खिशात ठेवून दाराजवळ गेलं अन् मुठीवरचं बटण दाबलं की दार उघडते ना?"

"हाव."

"खिसा कोनाचा हाय, ते गाडी पाहते काय?"

"नाही."

"मग पोट कोनाचं हाय, ते तरी काऊन पाहीन?"

गणिताच्या शिक्षकालाही यात खोट काढता येईना. दीपकनं बकरी धरून आणली. उजव्या दाराशी उभी केली, बटण दाबलं, काही नाही. मग तिला ओढत डाव्या बाजूला नेलं, खिडकी आणि गाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. बटण दाबलं.

टूक्! दार उघडलं.

महामायासुद्धा उठून उभी राहिली.

"आरोपी सापडला," किसनराव म्हणाले.

"पण उजवीकडचं दार काऊन नाही उघडलं?" दीपकनं विचारलं.

"दोन्ही चाब्या तिच्या डाव्या कुशीत हायेत."

खात्री करण्यासाठी बकरीला मागच्या सीटवर बसवण्यात आलं आणि सरांनी गाडीचं बटण दाबलं. गाडीनं चाबी सापडत नसल्याचं काचेवर लिहून दाखवलं आणि बकरीनं सीटवर लेंड्या टाकल्या. किसनरावांनी त्या काडीनं तपासल्या. त्यात चाबी नव्हती.

घड्याळ पुढं सरकत होतं. शेजारच्या दोन-तीन बाया पांढऱ्या साड्या नेसून, हातात फुलं घेऊन घरात शिरल्या. किसनरावांनी त्यांची नोंद घेतली आणि त्यांना तपासातून वगळलं. आता हातात एकच माणूस उरला होता.

"प्रसेनजित सर," ते घसा साफ करून म्हणाले, "कबूल करून टाका."

"मी? अरे, तुमाले बोलवायले मीच आलो ना!"

"कोंबडीवालाही स्वतःच आला होता."

महामाया नवऱ्याकडे बघत होती. "खरं सांगा," ती हळू म्हणाली. "मी रागावनार नाही."

ती रागावणार नाही हे ऐकून सरांचा चेहरा पार उतरला. बायको रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ते काही बोलणार, तोच फटफटीचा आवाज आला. खांद्याला लॅपटॉपची पिशवी अडकवलेला रामराव उतरला.

"सर, दोन्ही चाब्या काढा लवकर," तो ओरडला. "प्रोग्राम कुठी करायचा?"

घरातून तानाबाईंचा खणखणीत आवाज आला, "आतमंदी या बाप्पा! म्या सारं मांडून ठेवलं!"

सगळे आत गेले. खिडकीच्या कट्ट्यावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर तथागतांची मूर्ती, पेटलेल्या मेणबत्त्या, अगरबत्ती आणि पुढं झेंडूच्या फुलांनी भरलेलं ताट. शेजारणी सतरंजीवर बसल्या होत्या. तानाबाईनं हातानं फुलं बाजूला केली. खाली दोन्ही चाब्या शेजारी शेजारी होत्या. खिडकीबाहेर, हातभर अंतरावर, गाडीचं डावं दार अजून उघडं होतं.

"आई!" सर ओरडले. "तू घेतल्या चाब्या?"

"घेतल्या काय म्हनतं? काल फोनवर तूच तं कोनाले म्हने, उद्या सकायी चाबीचा प्रोग्राम हाय, दोन्ही चाब्या समोर पाहिजेत. ठेवल्या समोर. बाया बोलावल्या, खीर केली."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"चाबीचं कोनं इचारलं मले? या मानसानं रिमोट इचारला."

सगळ्यांनी या माणसाकडं पाहिलं. हा माणूस मूर्तीला हात जोडून डोळे मिटून उभा राहिला.

रामरावानं समजावलं की मावशी, हा प्रोग्राम लॅपटॉपवर होतो.

"तुमचा बी करा. पयले आमचा."

"पण आई," महामाया म्हणाली, "गाडी घेतली तेव्हा वंदना झाली होती ना?"

"ते गाडीची होती. हे तुही हाय." तानाबाईनं पदरानं हात पुसले. "मी बैलगाडीत मांगं बसली, एसटीत मांगं बसली, पोराच्या फटफटीवर बी मांगंच बसली. माह्या घरात पयल्यांदा बाई गाडी चालवून राह्यली, अन् प्रोग्राम नको?"

महामायाला हुंदका आवरेना. तिनं सासूचा हात धरला. मग डोळे पुसून ती नवऱ्याकडे वळली. "तुमच्यावर उगाच आळ घेतला मी."

"खरं सांगू काय?" सर म्हणाले. "चाब्या हरवल्या तेव्हा घडीभर मले बरंच वाटलं होतं. मंग तुहं तोंड पाह्यलं अन् पायात चप्पल न घालता धावलो."

सगळे खाली बसले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, खीर वाटली गेली. रामरावानं मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडीला नव्या चाबीची ओळख करून दिली, आणि बकरीनं ठेवलेली खूण दीपकनं धुऊन काढली.

"मी म्हटलंच होतं," किसनराव दुसरी वाटी संपवत म्हणाले, "घरातलंच मानूस हाय."

महामायाकडे अजून शिकाऊ लायसन होतं, म्हणून जाताना कायद्यानं सरांना तिच्याशेजारी बसावं लागलं. तानाबाई खिरीचा डबा घेऊन मागं बसली.

दुपारी दीपक दुकानात बसला होता. रस्त्यावर हॉर्न वाजला, एवढ्या जोरात की किसनराव खुर्चीतून उठले. गाडी महामाया चालवत होती. शेजारी, काच खाली करून, तानाबाई. मागच्या ओल्या सीटवर रिकामा डबा धरून सर.

"पास झाली!" तानाबाई ओरडली. "आता अमडापूरपर्यंत जाऊन येतो आमी!"

"सर," दीपक हसत म्हणाला, "तुमची चाबी सांभाळून ठेवा आता."

"माही कायची?" सर मागून म्हणाले. "एक हिच्यापाशी हाय, दुसरी आईनं घेतली."

त्यांचा आवाज काही दुःखी वाटला नाही. महामायानं गिअर टाकला, गाडीनं एक हिसका दिला, आणि तिघं अमडापूरच्या रस्त्याला लागले.