विहीर म्हणजे शून्य, शून्य

थळला म्हात्रे गुरुजींना कुणाच्या घराचा पत्ता विचारलात तर फसलात. "वजा चाळीस, साठ!" एवढं बोलून ते चालू पडतात. त्यांच्या नि आमच्या घरामधली विहीर म्हणजे त्यांचं शून्य, शून्य. तिथून समुद्राकडची पावलं वजा, रस्त्याकडची अधिक. दुसरा आकडा देवळाच्या दिशेचा. मासेवालीसुद्धा ओरडते, "गुरुजी, वजा चाळीसला बोंबील दिलं हो!"

दहावीच्या गणितात मी दोनदा आपटले होते. बाबांनी बजावलं, "तिसऱ्यांदा नापास झालीस तर पुस्तकं बंद, लगीन!" मला तर नोकरी करायची होती. मी रडत बसलेली बघून गुरुजी म्हणाले, "चल, तुमच्या कांद्याच्या वाफ्याला जाळी लावू. परिमिती तू काढायचीस."

वाफा विहिरीच्या देवळाकडच्या अंगाला. एक बाजू वजा चारपासून पाचपर्यंत, दुसरी दोनपासून आठपर्यंत. मी फटकन मांडलं: पाचातून चार गेले, एक. आठातून दोन गेले, सहा. दोन्हींची दुप्पट चौदा! बाबांनी चौदा पावलं जाळी आणली. ती निम्म्या वाफ्यालाही पुरली नाही, आणि उघड्या बाजूने शिरून शेजारच्या गाईने कांद्याच्या पातीवर ताव मारला. बाबा माझ्यावर, मी गाईवर ओरडले.

गुरुजी हसून हसून खोकले. मग मला वजा चारच्या कोपऱ्यावर उभं केलं. "चाल. विहिरीसमोर येईस्तोवर किती?"

"चार."

"पुढे?"

"पाच."

"मग नऊ झाली की! वजा बाजू काय चालावी लागत न्हाय? अगं, अंतर कधी वजा नसतं!"

नऊ नि सहा पंधरा, दुप्पट तीस. परीक्षेत आयत आला तेव्हा बाकाखाली माझे पाय आपोआप चालले. पास झाले! आज न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात नोकरी करते, उरणला खोली घेतलीय. माझी भाकरी गुरुजींमुळे आहे, हे मी कुणालाही सांगते.

परवा सुट्टीला त्यांच्याकडे गेले. बायको गेल्यापासून एकटेच असतात. चहा होईपर्यंत मी त्यांची गावाच्या नकाशाची वही उघडली. आलेखाच्या कागदाला भाताने चिकटवलेले आणखी चार कागद घडी घालून ठेवले होते. शेवटच्या कागदावर उरणचा एक ठिपका, शेजारी माझं नाव.

"गुरुजी, एवढ्या लांबचं कशाला मांडलंत?"

"मोजता येतं ते लांब कसलं, पोरी?" ते चहा गाळत म्हणाले.

मी नीट पाहिलं. बाकी सगळ्या घरांच्या रेघा विहिरीपासून निघाल्या होत्या. माझी तेवढी त्यांच्या दारापासून.