गुहेतला वारा आणि आमचा सोफा

आमच्या बाबांचं घोरणं मी कायमचं बंद पाडलं!

वाचलंत? आता विसरा. तसं काही झालेलंच नाही. मुळात बाबा घोरतच नव्हते, मग बंद काय पडणार? हे माझं नाही, बाबांचं म्हणणं आहे. दुपारचं जेवण झालं की ते सोफ्यावर आडवे होतात, डोळे मिटतात आणि ‘विचार करतात’. तो विचार इतका खोल असतो की कपाटातले कप एकमेकांना धरून बसतात.

बाबा निवृत्त आहेत. दुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि त्यांवर शिक्का मारायचा, ही त्यांची नोकरी. त्यामुळे शिक्का नसलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. माझ्यावरही नाही. तोच संशयी स्वभाव माझ्यात उतरलाय. ते काट्यांवर संशय घ्यायचे, मी इंटरनेटवर घेतो. मला ऑनलाइन फसवणारा अजून जन्माला यायचाय!

तर हल्ली इंटरनेटवर झोपेच्या आवाजांचं खूळ आलंय. लोक कानात पंख्याची घरघर, कागदाची चुरचुर, असलं काहीबाही लावून झोपतात. मी ऑफिसात औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर जुळवतो. म्हणजे कुणी वाचणार नाही असं काम करायचा मला दांडगा अनुभव. म्हटलं, कुणी ऐकणार नाही असंही काही रेकॉर्ड करून बघू! ‘कपात फिरणारा चमचा’ ही माझी सर्वोत्तम कलाकृती. तिला सात श्रोते मिळाले. त्यातले दोन मीच होतो. एक घरून, एक ऑफिसातून.

आणि एके दिवशी मला ‘प्राचीन गुहेतला वारा’ सापडला. लाखभर श्रोते! खाली कौतुकाचा पूर. एकजण म्हणे, ‘मन आदिमानवाच्या काळात गेलं.’ दुसरा कुणी तज्ज्ञ होता. त्यानं लिहिलं होतं, ‘प्रतिध्वनीवरून खडक चुनखडीचा वाटतो.’

मी जळफळत कानाला लावलं. घर्रर्र... फुस्स... मग एक लांबलचक विराम, वाऱ्याला गॅस चालू राहिल्याचं आठवावं तसा... आणि शेवटी चपचप.

वारा चपचप करतो?

हा विराम आणि ही चपचप मी जन्मल्यापासून ओळखतो. ती गुहा आमच्या सोफ्यावर होती!

म्हणजे चोर घरातच! बाबा स्वतः असणं शक्य नव्हतं. न घोरणारा माणूस घोरणं रेकॉर्ड कसं करेल? राहिली आई.

“आई, तू इंटरनेटवर काही टाकतेस का गं?”

“मी? मला मेलीला फोटो मोठा करता येत नाही!”

किती पटकन उत्तर! निरपराध माणूस आधी ‘काय?’ असं विचारतो. आई तर पुढे म्हणाली, “शिरा खाणार का?” शिरा? मंगळवारी? माझा संशय पक्का झाला.

मी सापळा लावला. अर्ध्या अर्ध्या तासाला टोले देणारं घड्याळ आणलं आणि सोफ्याच्या डोक्याशी टांगलं. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये टोला ऐकू आला की चोरी सिद्ध!

“हे कशाला?” बाबांनी विचारलं.

“वेळ कळायला.”

“मागे शिक्का नाही याच्या,” असं म्हणून ते विचार करायला आडवे झाले.

त्याच आठवड्यात नवा भाग आला. ‘गुहेत घंटानाद’! श्रोते वेडे व्हायचे बाकी राहिले. ‘म्हणजे तिथे पूर्वी वस्ती होती!’ तज्ज्ञाच्या मते घंटा काशाची होती. घड्याळ प्लॅस्टिकचं होतं हो! मला राहवेना. मी खाली लिहिलं, ‘ही गुहा नाही. हे माझे बाबा आहेत.’

सगळे माझ्यावर तुटून पडले.

‘स्वतःच्या बापाला गुहा म्हणतोस?’

‘पुरावा दे!’

‘जळकुकडा आहे. याचा चमचा ऐकलाय मी.’

चमच्यापर्यंत गेले! आता माघार नाही. बाबांच्या तोंडूनच कबुली घ्यायची. मी हॉलमध्ये मोठा स्पीकर लावला, बाबांना समोर बसवलं आणि ‘घंटानाद’ सुरू केला. खरं तर मी तो शेवटपर्यंत ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. तिथे पोचायच्या आत लोक झोपायचे, त्यासाठीच तर तो होता.

बाबा डोळे मिटून डोलू लागले.

“वा! काय भारदस्त आवाज! निसर्ग तो निसर्ग.”

“ओळखीचा वाटतो का, बाबा?”

“गेल्या जन्मीचा वाटतो रे.”

शेवटी पुन्हा टोले पडले. बाबांनी हात जोडले. आणि टोल्यांपाठोपाठ गुहेतून खणखणीत आवाज आला, “अहो, कुशीवर व्हा! त्या घड्याळाला धडकी भरली!”



“गुहेत तुझी आई काय करतेय?” बाबांनी विचारलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात ओलं फडकं पिळत उभी होती. पाणी सगळं पायावर.

“तुझ्या मावशीकडे राहायला गेले होते ना,” ती म्हणाली, “तिथे डोळ्याला डोळा लागेना. इतकी शांतता, जीव घाबरायचा! म्हणून पुढच्या वेळी यांचा आवाज भरून नेला. मावशी म्हणाली, इंटरनेटवर ठेवते, म्हणजे कुठेही गेलीस तरी मिळेल. मग मी नवा नवा भरून तिला पाठवत गेले.”

मी मावशीला फोन लावला, स्पीकरवर.

“भाऊजी, तुमचं नाव कुठे घातलंय?” मावशी उसळली. “चांगलं गुहा म्हटलंय. मान वाढवला तुमचा! उलट हिचा आवाज मध्येच आला, तेवढा कापायचा राहिला. ऐकता ऐकता मलाच झोप लागली!”

बाबांनी पायात चपला घातल्या, परत काढल्या. मग म्हणाले, “काढून टाका.”

मावशीनं त्याच क्षणी सगळं काढून टाकलं. बाबांनी आईच्या फोनमधलंही पुसायला लावलं.

तेव्हापासून बाबा रात्रीही सोफ्यावर ताठ बसून झोपतात. तोंड घट्ट मिटलेलं, बँकेत रांगेत बसल्यासारखे. आवाज म्हणून नाही! आणि आईला झोप नाही. परवा तिनं चहात मीठ घातलं, काल माझा शर्ट इस्त्री करून फ्रीजमध्ये ठेवला. तिकडे श्रोते हवालदिल. ‘गुहा कोसळली का?’ असं तज्ज्ञ रोज विचारतो.

शेवटी जबाबदारी ओळखून मी सोफ्यामागे लपलो आणि स्वतः घोरलो. अगदी विरामासकट.

“तू आहेस,” आई डोळे न उघडता म्हणाली. “यात जीव नाही.”

“चपचप फार लवकर आली,” सोफ्यावरून बाबा म्हणाले. मग आईकडे वळले. “हिच्यासाठी मी... विचार करीन पूर्वीसारखा. पण तो वाराच होता, असं कुणीतरी लेखी द्यावं. खाली गोल शिक्का हवा.”

सबब, सदर संकेतस्थळाच्या मा. तक्रार निवारण अधिकाऱ्यांना नम्र विनंती, की उपरोक्त आवाज मानवी नाकातून निघालेला नसून नैसर्गिक गुहेतील वारा आहे, आणि त्यातील स्त्रीचा आवाज हाही वाराच आहे, असा दाखला गोल शिक्क्यासह तातडीने देण्यात यावा. गुहेच्या पाहणीसाठी येऊ नये. अर्जदार रोज दुपारी सोफ्याच्या मागे उपलब्ध आहे.