काडी कुणाच्या बागेतली

समीरने गायधनी सरांना फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर का चढला असं कुणी विचारणार नाही.

सर माझे शेजारी. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एकटेच राहतात. कुठलीही गोष्ट कुणाची ते सांगितल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. चहात आलं ठेचून घातलं तरी पहिल्या घोटाआधी, "हे माझं नाही हं, जोशीवहिनींचं." विनोद सांगायचा तर आधी तो कुणी, कुठे, कधी सांगितला ते येतं, तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो. एकदा लिफ्टमध्ये म्हणाले, "आज उकडतंय. हे माझं नाही हं, वॉचमनचं."

"सर, घाम तरी तुमचा ना?"

"तो माझा," सर गंभीरपणे म्हणाले.

मी दिंडोरीचा. एका पिशवीनिशी सातपूरला आलो, आता द्राक्षबागेच्या फवाऱ्यांचे नोझल बनवतो. घासाघीस केल्याशिवाय मला झोप येत नाही. आणि सर भाजीवाली सांगेल तो भाव देणार! म्हणून मी त्यांच्याबरोबर बाजारात जायचो. मी मावशींशी भांडायचो आणि सर मागून कुजबुजायचे, "शेठ, असू द्या. मेथी पिकवली कुणी, तेवढं विचारा ना."

ते दिवस आठवले की आमची गच्चीच डोळ्यांसमोर येते. समीर तेव्हा सरांचा विद्यार्थी होता. पीएचडी करायचा, जेवायचा सरांकडेच. पाण्याच्या टाकीवर सर खडूने लिहायचे, तो वाद घालायचा, मी शेंगा सोलत बसायचो. तिथेच सरांनी मला सायटेशन समजावलं. आपला शोधनिबंध ज्याच्या विचारावर उभा, त्याचं नाव खाली द्यायचं.

मी म्हणालो, "म्हणजे आमच्याकडे द्राक्षाचं कलम बांधताना विचारतात तसं. काडी कुणाच्या बागेतली?"

सर इतके खूश झाले की दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत सुटले, "हे माझं नाही हं, आमच्या शेठचं." माझ्या नावावर एवढीच विद्या आहे.

एका संध्याकाळी त्यांनी टाकीवर काहीतरी लिहिलं आणि लहान मुलासारखे हसत बसले. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण त्या दिवशी ते "हे माझं नाही" म्हणाले नाहीत, हे मी पाहिलं.

पुढे समीर परदेशी गेला आणि टाकीवरचं तेच, मी खुणांवरून ओळखलं, त्याच्या नावाने छापून आलं. सरांचं नाव खाली नाही, वर नाही. सरांचे स्वतःचे निबंध थोडे, त्यांची आठवण कुणी काढत नाही. तरी रोज सकाळी दूध गॅसवर ठेवून ते संगणकापुढे बसत. दूध उतू जाई आणि हाक येई, "शेठ, वाढला!" वाढलेला आकडा समीरच्या निबंधाला मिळालेल्या सायटेशनचा असे.

या हिवाळ्यात कॉलेज रोडवरच्या हॉलमध्ये समीरचा सत्कार झाला, आम्ही दोघंही गेलो. भाषणात तो म्हणाला, ही कल्पना म्हणे त्याला तिकडे बर्फात फिरताना सुचली. मी उठलोच. सरांनी मनगट धरलं. "शेठ, बसा. लोक बघतात."

चालत परतताना मी विचारलं, "ती काडी तुमच्याच बागेतली ना?"

"हे माझं नाही हं."

"मग कुणाचं?"

सर भरभर पुढे चालू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नाव सांगितलं नाही.

सरांच्या घरी टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. साबुदाणा सकाळीच भिजवला होता. "येतो म्हणाला होता," सर म्हणाले आणि खिचडी परतायला घेतली. समीरचा निरोप माझ्यासमोरच आला. विमान होतं, परस्पर मुंबईला निघाला होता.

"बसा शेठ, गार होईल." सरांनी त्याची ताटली माझ्याकडे सरकवली. मी घास घेतला तसे म्हणाले, "दाण्याचं कूट जरा जास्त घालायचं. हे माझं नाही हं. समीरचं."

समीर, ऐकतोस? खिचडीतल्या कुटालासुद्धा तुझं नाव आहे. निबंधाचं सरांनी कधीच सोडून दिलं. मी सोडलेलं नाही, पण तेही राहू दे. त्या हॉलपासून सरांचं घर दोन चौकांवर आहे. का आला नाहीस? फोनवर सांगू नकोस. इथे ये, त्या ताटलीपुढे बस आणि सरांना तोंडावर उत्तर दे.