गोदी घोरपडीची पकड आणि सागरकिनारा मंडळ

एका जंगलात, बाळांनो, ओढ्याच्या अलीकडे घोरपडींचं कॉलेज होतं आणि पलीकडे साळिंदरांचं. जंगलात कॉलेज कसं, असं ज्याला विचारायचंय त्याने आत्ताच विचारून घ्यावं. नाही ना? मग गप बसा आणि ऐका.

ही दोन्ही कॉलेजं ‘ओढाकाठ मंडळा’त होती. मंडळ म्हणजे काय? अगदी सोप्पं! जवळजवळची कॉलेजं एकत्र येतात, आपसांत खेळतात, आपसांत भांडतात आणि वर्षाच्या शेवटी एकाला ढाल मिळते. बाकीचे पंचांना शिव्या देतात. झालं मंडळ.

घोरपडी आणि साळिंदरांचा कबड्डीचा सामना म्हणजे काय विचारता! घोरपडीने एकदा धरलं की सुटका नाही. पण साळिंदराला धरणार कसं? शिरप्या साळिंदर चढाईला आला की काटे फुलवायचा आणि अख्खी घोरपड-टीम ‘आई गं, आई गं’ करत पळायची.

गोदी घोरपड या टीमची कप्तान. कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष. एकदा, फक्त एकदाच, शिरप्याला पकडायचं आणि मगच कॉलेज सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यासाठी ती रोज बाभळीच्या झाडाला मिठी मारायची. हसू नका. तुम्ही मारून बघा.

सामना तोंडावर आला आणि घोरपडींच्या प्राचार्यांनी सगळ्या टीमला वडाखाली बोलावलं. शेजारी राघोशेठ पोपट बसला होता. झाडावर बसून सामन्याचं वर्णन जंगलभर ऐकवायचं, हा त्याचा धंदा.

“आनंदाची बातमी!” प्राचार्य म्हणाले. “आपण ओढाकाठ मंडळ सोडलं. आजपासून आपण सागरकिनारा मंडळात!”

“पण सर, आपल्याकडे सागर कुठाय?” गोदीने विचारलं.

“मंडळात आहे ना.”

“हे बघ पोरी,” राघोशेठ म्हणाला, “ओढ्यावरचा सामना ओढ्यावरचेच ऐकतात. मला सगळं जंगल ऐकायला हवं. जितके कान, तितकी अंडी तुमच्या कॉलेजला. कुणाची, ते विचारू नकोस.”

अंडी म्हटल्यावर प्राचार्यांची जीभ बाहेर आली. घोरपडीची जीभ तशीही आतबाहेर करतच असते, पण ही आत जाईचना.

सागरकिनारा मंडळात कोण कोण होतं? खेकड्यांचं कॉलेज होतं. ते खरंच किनाऱ्यावर. मग वाळवंटातले उंट. मग बर्फातली अस्वलं. अस्वलांना वाटलं, सागर हे कुणा सरांचं नाव असेल.

साळिंदरं भयंकर चिडली. “तुम्ही चाललात? मग आम्हीपण जातो!” आणि रागाच्या भरात ती हिमशिखर मंडळात शिरली. तिथे त्यांच्याबरोबर मगरी होत्या.

आणि ओढ्यावरचा सामना? गेला की! गोदी ढसाढसा रडली. एवढं बाभळीला कवटाळून काय मिळालं, म्हणाली.

मग घोरपडी निघाल्या. चालल्या, चालल्या, चालल्या. पायांची सालं निघाली तेव्हा कुठे समुद्र आला. खेकडे चढाईला आले ते आडवे. गोदीने एकाचा नांगा गच्च धरला. खेकड्याने नांगा तिच्या हातातच सोडला आणि तिरका तिरका घरी गेला. आता तो बाद की नाही? पंच अजून विचार करताहेत.

परतीच्या वाटेवर, भलत्याच रानात, समोरून साळिंदरं येताना दिसली. मगरींकडून हरून निघाली होती.

“काय गं गोदे, ही काय दशा!” शिरप्या म्हणाला.

“आणि तुझी शेपटी कुठाय?”

“मगरींकडे राहिली.”

दोघंही खो खो हसली. मग गोदीने नखाने धुळीत एक रेघ ओढली. “येतोस?”

“अगं, आपली मंडळं वेगळी आहेत आता.”

“घाबरलास!”

झालं! शिरप्या ‘कबड्डी कबड्डी’ करत घुसला. काटे फुलले. बाकीच्या घोरपडी पळाल्या. गोदीने डोळे मिटले आणि मारली मिठी. काटे रुतले, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने सोडलं नाही. शिरप्याचा दम तुटला.

“पकडला! पकडला रे पकडला!” दोन्ही टीम नाचायला लागल्या. हो, साळिंदरंसुद्धा. किती दिवसांनी ओळखीचं कुणीतरी जिंकलं होतं!

तेवढ्यात कोल्हा आला. हा सगळ्या मंडळांचा सचिव.

“हा सामना कुठल्या मंडळाचा?”

“कुठल्याच नाही, साहेब.”

“म्हणजे? नुसतेच खेळलात? मजा म्हणून?”

कोल्ह्याला भोवळच आली. शुद्धीवर आल्या आल्या त्याने दोन्ही कॉलेजांना सगळ्या मंडळांतून काढून टाकलं. “जा! बसा आता ओढ्यावर एकमेकांची तोंडं बघत!”

गेले बिचारे. प्राचार्य अंड्यांच्या आठवणीने रडले. बाकीचे रोज कबड्डी खेळू लागले. गोदीचं शेवटचं वर्ष होतं खरं, पण ती मुद्दाम नापास झाली.

ही बातमी बर्फात पोचली तशी अस्वलं धापा टाकत कोल्ह्याकडे आली.

“साहेब, आम्हालापण काढा. आम्ही नियम मोडलाय.”

“कोणता?”

“तुम्ही म्हणाल तो!”

तात्पर्य : मुलांनो, नियम नेहमी पाळावेत. नियम पाळणारे आयुष्यात फार लांब जातात. मोडणाऱ्यांना मात्र शिक्षा म्हणून रोज शेजाऱ्यांशी खेळावं लागतं.