उपळेकरांच्या ट्रकचं पोट

मिरजेत प्लास्टिकच्या मॉडेल ट्रकचा रंग नीट वाळला, की त्याचा ड्रायव्हर कामावर हजर होतो. चार बोटं उंचीचा माणूस, खांद्यावर वळकटी, हातात जेवणाचा डबा. दाराच्या फटीतून आत येतो, चपला कडेला काढतो आणि विचारतो, "राम राम मालक, गाडी कुठाय?" याचं मिरजेत कोणाला काही वाटत नाही. वाटायचं काय त्यात? ट्रक म्हटला की ड्रायव्हर आलाच. तो आला नाही, तरच लोक कुजबुजतात, की ट्रकमध्ये काहीतरी कमी राहिलेलं दिसतंय.

दातांचे डॉक्टर दिनकर उपळेकर यांच्याकडे इतकी वर्षं कोणी आलं नव्हतं. पहिला ट्रक केला तो एका अंगाला कलला. दुसऱ्याच्या काचेवर गोंदाचा ठसा उमटला, अगदी अंगठ्याच्या रेषांसकट. असे ट्रक करणाऱ्यांच्या लघुवाहन मंडळाची बैठक दर रविवारी भरायची. बाकीचे सभासद तिथं आपापल्या ड्रायव्हरांची गाऱ्हाणी सांगत बसत. नलूताई खराडे म्हणायच्या, "आमचा सोमवारी सुट्टी घेतो म्हणजे घेतोच, मग घरात पाहुणे असोत नाहीतर आग लागो." दुसरा कोणी म्हणायचा, "आमच्याला वांगं चालत नाही हो." आणि उपळेकर आपले बारशाला आलेल्या ब्रह्मचाऱ्यासारखे गप्प बसून शेंगदाणे खायचे.

यंदा मात्र त्यांनी कंबर कसली. पुढे लांब नाक असलेला, जुन्या धाटणीचा ट्रक घेतला. नारिंगी रंगाचे पातळ हात मारले, एकावर एक. दात कोरायच्या हत्यारानं दाराच्या कड्या रंगवल्या. आरशांना काळ्या दोऱ्याचे गोंडे लावले. मागच्या फळीवर वळणदार अक्षरात बायकोचं नाव घातलं, 'शैला'. शैलाताईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, "माझं नाव तेवढं मागे. धूळ खायला." पण त्या हसल्या, हेही खरं.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. मॉडेलच्या खोक्यात सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले येतात. ते कापायचे, घासायचे आणि जागच्या जागी डकवायचे. मंडळाचे अध्यक्ष मुळीक सर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा एकच धोशा असायचा: "न दिसणारं आधी, दिसणारं नंतर." उपळेकरांनी इंजिन बसवलं, कारण बॉनेट उघडतं आणि प्रदर्शनाला आलेले लोक आत डोकावतात. पण ब्रेकचे भाग म्हणजे शर्टाच्या गुंड्यांएवढ्या चकत्या. त्या चाकांच्या आत बसतात. वरून एकदा चाक चढलं, की मग त्या देवालासुद्धा दिसत नाहीत. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. उपळेकरांनी मनाशी म्हटलं, देवालाच दिसत नाहीत तर मुळीक सरांना काय दिसणार! चकत्या चौकटीला तशाच राहिल्या, चौकट दवाखान्याच्या खणात कापसाखाली गेली आणि चाकं पक्क्या गोंदानं बसली.

आणि बघा, ड्रायव्हर आला! सकाळी पेशंटच्या तोंडात आरसा घालून उपळेकर बघत होते, तेवढ्यात पायाशी आवाज झाला. "राम राम मालक. मी गणपत वायदंडे. नारिंगी गाडी आपलीच न्हवं?" उपळेकरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पेशंटला तसाच आ वासून ठेवून ते वायदंड्यांना तळहातावर घेऊन घरात पळाले. शैलाताईंनी टूथपेस्टच्या टोपणात चहा दिला. वायदंड्यांनी तो दोन्ही हातांनी धरून, फुंकर घालून घालून प्यायला.

मग ते ट्रकभोवती फिरले. रंगावरून हात फिरवला. गोंड्यांना हात लावून हसले. उपळेकर म्हणाले, "खाली वगैरे वाकून बघायचं असेल तर..." म्हणजे त्यांच्या तोंडून ते निघून गेलं, चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. वायदंडे म्हणाले, "छ्या, छ्या. असा रंग मारनारा मानूस आत चोरी करतोय व्हय? मी लई गाड्या बघितल्या, मालक. ह्या गाडीवर मी डोळं झाकून बसनार." आणि ते केबिनमध्ये चढले, वळकटी पसरली, समोर देवीचा फोटो लावला.

उपळेकरांचा घास त्या दिवसापासून घशाखाली उतरेना. पूजा होईपर्यंत ट्रकचं चाक फिरवायचं नाही, असा मंडळाचा रिवाज. त्यामुळे वायदंड्यांना काही कळायची सोय नव्हती. आणि पूजेनंतर लगेच घाट. दर प्रदर्शनात मुळीक सर टेबलांवर टेबलं रचून प्लास्टरचा वळणावळणाचा घाट बांधायचे. गुळाचे खडे भरून ट्रक वरून खाली उतरायचे, एकेक करून, आणि लोक टाळ्या वाजवायचे. शेवटच्या वळणाला कठडा नव्हता. तिथं टेबल संपायचं, आणि खाली शहाबादी फरशी. चार बोटांच्या माणसाला तेवढी उंची म्हणजे कड्यावरून पडणंच की!

दुरुस्ती करता आली नसती असं नाही. एका दुपारी उपळेकर चिमटा घेऊन ट्रकपाशी गेले आणि म्हणाले, "वायदंडे, जरा खाली उतरता का? चाकं एकदा बघतो म्हणतो."

"का, मालक? काय ऱ्हायलंय का?"

एवढाच प्रश्न. 'हो, राहिलंय' म्हटलं असतं तर गोंद फोडून, थोडा रंग खराब करून काम भागलं असतं. पण त्या माणसाच्या तोंडावरचा विश्वास बघून उपळेकरांना ते म्हणवेना. "राहायचंय काय? छे! सहज आपलं," असं म्हणून ते परत फिरले. नंतर शैलाताईंना खणात ती चौकट सापडली. "हे काय उरलंय हो तुमचं?" "जादा भाग असतात त्यात," उपळेकर म्हणाले. एका लाजेपायी माणूस किती खोटं बोलेल याला धरबंध राहत नाही. त्यांना स्वतःचीच शिसारी आली, पण तोंड काही उघडलं नाही.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. बालमंदिराचा हॉल गच्च भरला होता. मुळीक सरांनी सगळ्या ट्रकांची पूजा केली. नारळाच्या जागी मिरीचा दाणा फोडला, चाकाखाली लिंबाच्या जागी हिरवे वाटाणे ठेवले. सगळं अगदी यथासांग. नलूताईंचा हिरवा टँकर आधी उतरला, ऐटीत, प्रत्येक वळणावर हॉर्न देत. मग सरांनी पुकारलं, "उपळेकर, नारिंगी ट्रक."

उपळेकर पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "सर, आमचा यंदा नको."

"कारण?"

मुळीक सरांनी कारण विचारलं, की ते सांगावंच लागतं. मागे एक टेम्पो कठड्याला नुसता घासला, तर त्यांनी चौकशी समिती नेमली होती. उपळेकरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "ड्रायव्हर नवखा आहे."

केबिनच्या खिडकीतून वायदंड्यांनी मान बाहेर काढली. त्यांचा चेहरा पडला होता. टँकरचा ड्रायव्हर खालून हसला. वायदंडे हळूच म्हणाले, "मालक, माझी उभी हयात घाटात गेली वो." तेवढंच म्हणाले. उपळेकर घाटाच्या प्लास्टरकडे बघत राहिले.

मग वायदंडे अध्यक्षांकडे वळले. "सर, पूजा झालीया. मला घाट मागता येतोय न्हवं?"

"येतो," मुळीक सर म्हणाले. "पूजा झालेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं घाट मागितला, तर मालकाला नाही म्हणता येत नाही. गाडीत दोष असेल तरच. आणि तो दोष मालकानं इथं, सर्वांसमोर सांगायचा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "उपळेकर, आहे का गाडीत काही दोष?"

सभासद बघत होते, शैलाताई बघत होत्या, पुढच्या रांगेत तर उपळेकरांचे चार-दोन पेशंटही होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती मूठ कोणाच्या जिवावर झाकून ठेवायची, हे कोणी सांगत नाही.

"नाही," उपळेकर म्हणाले.

वायदंड्यांच्या तोंडावर पुन्हा हसू आलं. त्यांनी टोपी नीट केली, देवीच्या फोटोला हात लावून कपाळाला लावला आणि ट्रक सुरू केला. उपळेकर लोकांना ढकलत, पायांवर पाय देत शेवटच्या वळणापाशी धावले. हात झेलायला पुढे धरून उभे राहिले. लोकांना वाटलं, डॉक्टर कौतुकानं टाळ्या वाजवायला गेलेत.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाला ट्रक जरा जोरात आला. मग गुळाच्या वजनानं तो जो सुटला तो सुटलाच. हॉर्न थांबेचना. गोंडे आडवे झाले, एक खडा उडून पहिल्या रांगेत पडला. शेवटच्या वळणाला ट्रक वळलाच नाही. तो सरळ टेबलाच्या काठावरून सुटला आणि धाडकन उपळेकरांच्या तळहातावर आदळला. बंपर अंगठ्याच्या बेचक्यात रुतला, रक्त आलं. उपळेकरांनी कशीबशी मूठ आवळली आणि ट्रक टेबलावर ठेवला.

"अगं बाई!" नलूताई ओरडल्या. "अहो, ब्रेक नको का दाबायला?"

"नवखाच निघाला," मागून कोणीतरी म्हणालं. "डॉक्टर सांगत होते बिचारे."

दार उघडून वायदंडे खाली उतरले. त्यांनी वर उपळेकरांकडे पाहिलं. तीन वळणं तो माणूस पायानं खाली दाबत आला होता आणि पायाखाली काही नव्हतं, हे त्याला आता ठाऊक होतं. हे ठाऊक असलेला माणूस जगात एकटा तोच, आणि दुसरे उपळेकर. त्यानं शिवी दिली असती तर उपळेकरांना बरं वाटलं असतं. वायदंड्यांनी टोपी काढली, हॉलकडे तोंड केलं आणि म्हणाले, "चूक माझी हाय. पाय उशिरा पडला. गाडी झ्याक हाय."

मुळीक सरांनी घसा साफ केला. "मग मंडळाच्या नियमाप्रमाणे वायदंडे यांना यापुढे कुठल्याही गाडीवर घाटात घेतलं जाणार नाही. उपळेकर, तुमच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर येईल. तुमच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही."

"व्हय सर," वायदंडे म्हणाले आणि वळकटी काढायला केबिनमध्ये चढले. देवीचा फोटो त्यांनी वळकटीत गुंडाळला.

उपळेकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण वाचलो, हे त्यांना कळत होतं. सगळा हॉल त्यांच्याकडे कणवेनं बघत होता. नलूताई तर रुमाल भिजवून घेऊन आल्या होत्या, हाताला बांधायला. आणि टेबलाच्या काठाकाठानं वायदंडे खांद्यावर वळकटी घेऊन चालू लागले होते, खाली उतरायला जागा शोधत.

"थांबा," उपळेकर म्हणाले. मग पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "वायदंडे, थांबा!"

आणि त्यांनी ट्रक उचलला आणि भर सभेत उलटा केला.

बायकांनी माना फिरवल्या. मिरजेत पूजा झालेला ट्रक चारचौघांत कोणी उलटा करत नाही. माणसाचं धोतर सोडण्यातलाच तो प्रकार. गूळ खाली सांडला. उपळेकरांनी रक्ताळलेल्या हातानं एक चाक धरलं आणि उपटलं. कडकन आवाज झाला, नारिंगी रंगाचा टवका उडाला. मग दुसरं. मग तिसरं. चाकांच्या आत नुसता दांडा होता, दुधाचा दात पडल्यावर हिरडी दिसते तसा बोडका.

"ब्रेक मी बसवलेच नाहीत," उपळेकर म्हणाले. "दिसत नाहीत म्हणून. या माणसानं विचारलं होतं मला, काही राहिलंय का. मी नाही म्हटलं. सरांनी विचारलं, तेव्हाही नाही म्हटलं. मला वाटलं मी हातानं झेलीन."

नलूताईंनी ओला रुमाल परत घडी करून पिशवीत ठेवला. शैलाताई खुर्चीवरून उठल्या नाहीत, पण त्यांनी पदर तोंडाला लावला. मुळीक सर पुढे आले. चष्मा वर करून त्यांनी ते बोडके दांडे एकेक करून पाहिले. मग मागची रांग पुढे सरकली. रांगेनं येऊन लोक ट्रकचं पोट बघू लागले. पेशंटही आले. त्यातल्या एकानं बघता बघता आपल्या नव्या दाताला जीभ लावून पाहिली.

उपळेकर ट्रक तसाच उलटा धरून उभे होते. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. मान वर होत नव्हती, पण हात हलत नव्हते.

वायदंडे वळकटी घेऊन काठाकाठानं परत आले. उपळेकरांच्या करंगळीपाशी थांबले. आजूबाजूच्या लोकांकडे पाहून त्यांनाच चोरट्यासारखं झालं. त्यांनी करंगळी हलवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मालक, सरळ करा. लोक बघत्यात."

शेवटचा माणूस बघून जाईपर्यंत उपळेकरांनी तो सरळ केला नाही.