आबा, बसा जरा

आमचे पप्पा प्रार्थना सुरू करताना आधी देवाला बसायला सांगतात. गुडघे टेकले, डोळे मिटले की खणखणीत आवाजात पहिलं वाक्य, "आबा, बसा जरा." मग घरातलं, दारातलं, गावातलं सगळं सविस्तर. आणि शेवटी पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला गेल्यासारखं, "बरं, या मग आबा. आमेन."

आवाज खणखणीत असायला कारण आहे. याकोब मिस्त्रींचं, म्हणजे पप्पांचं, कासुर्डीला सोलापूर हायवेवर पंक्चरचं दुकान. उभा जन्म कॉम्प्रेसरच्या शेजारी गेला. हळू बोलणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊकच नाही.

आता देव 'आबा' कसा झाला ते सांगते. शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'अब्बा' असा एक शब्द आहे, बाप या अर्थाचा. पप्पांनी तो लहानपणी दौंडच्या चर्चमध्ये मागच्या सतरंजीवर बसून ऐकला, पण ऐकला कासुर्डीच्या कानांनी. आमच्याकडे थोरला माणूस म्हणजे आबा. झालं! आणि आबा म्हटल्यावर 'तुम्ही' आलंच. सगळी मंडळी देवाला 'तू' म्हणते, तर पप्पा कानावर हात ठेवायचे. "थोरल्या माणसाला अरे-तुरे? आपल्याला न्हाई जमायचं बाबा."

अडचण एवढीच, की शेजारी खरोखरचे एक आबा राहतात. आबा कोळपे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, आबांनी मात्र जमीन धरली, घर बांधलं, तेही आमच्या घराला लागून. मधे अंगचोर बोळ आणि खिडकीसमोर खिडकी. इकडून पप्पांचं "आबा, बसा जरा" सुरू झालं, की तिकडून उत्तर यायचं, "बसलोय मिस्त्री, बोला!"

पप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "तुम्ही न्हाई हो. वरचे."

"मग वरच्यांना ऐकू जाईल एवढंच वरडा की!"

माझ्या लहानपणी एकदा पप्पांनी आबांना, म्हणजे वरच्यांना सांगितलं, की पोरं कोरा चहा पिऊन शाळंत जात्यात, काय तरी बघा. सकाळी उंबऱ्यावर दुधाचा तांब्या. पप्पा हरखले. "बघा, ऐकलं आबांनी!"

मी तेव्हाही अशीच आगाऊ. तांब्या उलटा करून दाखवला. "पप्पा, हा कोळप्यांचा आहे. नाव कोरलंय."

"तांब्या त्यांचाच हाय," पप्पा म्हणाले, "पण भल्या पहाटे त्यांना उठवलं कुणी?"

या माणसाशी वाद घालून मी कधी जिंकले नाही. आज दौंडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, भल्याभल्या गिऱ्हाइकांना मी गप्प करते. पण मशीनवर बसले की तोंडातून आपोआप निघतं, "आबा, बसा जरा, आज लग्नाचे ब्लाउज आहेत." वळण असं लागतं.

माझा भाऊ शमू मात्र लाजून अर्धा व्हायचा. त्याला रांजणगावच्या कंपनीत नोकरी लागली. पहिल्या दिवशी कंपनीची बस चौफुल्याला आली, तर पप्पा हजर. बसच्या पुढ्यात उभे राहून काचेवर हात ठेवला आणि सुरू झाले, "आबा, बसा जरा. पोरगं तुमच्या हवाली. ह्या डायव्हरला सांभाळा, डोळे लाल दिसत्यात त्याचे."

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ मामा, डोळे आलेत माझे! प्यायलेलो न्हाई!"

बसमधल्या बिहारी पोरांनी हात जोडले. "चाचा, हमारे ओवरटाइम का भी बोल दो." पप्पांनी तेही बोलून टाकलं. शमू घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "उद्यापासून तुम्ही सोडायला येऊ नका."

आणि मग चर्चला नवे पाळकसाहेब आले. तरुण, शिकलेले, स्वभावानं फार गोड. एका रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी पप्पांना बाजूला घेऊन प्रेमानं सांगितलं, "काका, तो शब्द अब्बा आहे, आबा नव्हे. तरुण मुलं हसतात हो. देवाची थट्टा व्हायला नको."

पप्पांचा चेहरा उतरला. "व्हय का? मग लई वरसं चुकलंच की," एवढंच बोलले.

त्या रात्री मी कासुर्डीलाच होते. जेवायला बसलो. पप्पांनी डोळे मिटले. "हे परमेश्वरा, तू..." आणि गाडी अडली. पुन्हा "तू..." घसा खाकरला आणि म्हणाले, "आमेन." पुढे पुढे तर नुसतंच आमेन. आई मला फोनवर म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा गरम जेवाय मिळतंय, आन् घशाखाली उतरंना बघ."

आबा कोळपे दुकानावर येऊन उभे राहिले. "मिस्त्री, रागावलाय काय माझ्यावर? हाक न्हाई, काय न्हाई."

पप्पा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिले.

त्यात शमूनं शिरूरला फ्लॅट घेतला. घरभरणीची प्रार्थना ठरली, आणि पप्पांनी कळवलं, "मी येतो, पण प्रार्थना पाळकसाहेबच करतील." माझा जीव कळवळला. ज्या माणसानं ट्रकच्या टायरलासुद्धा आशीर्वाद दिला, तो पोटच्या पोराच्या घरात मुका बसणार? मी चिडले, रडले, आईशी भांडले. पप्पा हलले नाहीत.

घरभरणीला हॉल गच्च भरला. कंपनीतली पोरं आली होती, आबा कोळपे नवा फेटा बांधून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. पाळकसाहेबांनी आपणहून म्हटलं, "याकोबकाका, घर तुमचं. प्रार्थना तुम्हीच करा."

पप्पांनी खाली बघून नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात शमूनं गुडघे टेकले. हो, आमच्या लाजाळू शमूनं, सगळ्या कंपनीसमोर. डोळे मिटले आणि म्हणाला, "आबा, बसा जरा."

कोपऱ्यातून तत्काळ आवाज आला, "बसलोय! बोला!"

असा हशा उसळला म्हणता! पाळकसाहेबांनी तर डोळेच पुसले. शमू मात्र थांबला नाही. "आबा, लिफ्ट अजून सुरू न्हाई, आईच्या गुडघ्यांकडं बघा. आणि आमच्या पप्पांकडं बघा. तुमच्याशी बोलायला त्यांनीच शिकवलं आम्हाला. ते गप्प झाल्यापास्नं तुम्ही आमच्या घरी आल्यासारखंच वाटंना..."

आणि शमू रडायलाच लागला. आणि मग आला तो आवाज, कॉम्प्रेसरवर मात करणारा. "आबा! पोरगं रडतंय, मी सांगतो पुढचं." पप्पांनी जे सुरू केलं ते फ्लॅट, बिल्डर, लिफ्टवाला, पाळकसाहेबांचं लगीन जमू दे, बिहारी पोरांचा ओव्हरटाइम, काही म्हणजे काही सोडलं नाही. बिर्याणी थंडगार झाली. "या मग आबा" झालं, तेव्हा सगळ्यांत मोठं आमेन पाळकसाहेबांचं होतं. माझ्या भावानं पप्पांना उराशी धरलं आणि मी मेली ढसाढसा रडले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "पप्पा, तो शब्द अब्बा आहे हे कळल्यावरही तुम्हाला दुसरी हाक का नाही हो मारता आली?"

पप्पा म्हणाले, "मी आईच्या पोटात होतो तवाच बाप गेला. गल्लीतली पोरं दिवस मावळला की आबा आबा करत घराकडं पळायची. मला हाक मारायला कुणी नव्हतं. चर्चमधी तो शब्द ऐकला आन् वाटलं, आपल्याला बी हायेत की आबा." मी त्यांचा हात धरला. पुढच्या सीटवर आबा कोळपे डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपलेत.

घरी पोचलो. चहा व्हायच्या आत पप्पांनी भिंतीशी गुडघे टेकले, खिडकी उघडीच होती.

"आबा, बसा जरा."

"बसलोय मिस्त्री," पलीकडून आवाज आला. या वेळी जरा हळू. "बोला."

पप्पांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"बसा," ते म्हणाले, "दोघं बी बसा."